घरात मराठीच बोला, असं त्या आईला सांगू नका

वाचकांचं पत्र

सातपूरच्या एका प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. वर्गातली एक मुलगी, तिला आपण रोशनी म्हणू या, जन्मली नाशिकमध्येच. वडील अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. मूळ गाव दरभंग्याकडे. मराठी वाचनात रोशनी वर्गात पहिल्या चार-पाचांत असते. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर ती बदलली आहे. आई डोक्यावर पदर घेऊन गेटपाशी येते, तिच्या भाषेत हाक मारते, तेव्हा ही ऐकूच न आल्यासारखं करते. हल्ली तर आईला 'तू येऊ नकोस' म्हणते. 'माझे गाव' हा निबंध तिने कोरा ठेवला. मी आग्रह केल्यावर 'माझे गाव नाशिक' असं लिहून वाचून दाखवलं, तर एक मुलगा म्हणाला, 'हिचं गाव बिहार. हे भय्ये लोक परत जातात.' वर्ग हसला. तेव्हापासून ती हात वर करत नाही. माझ्या सहकारी म्हणतात, पालकांना बोलावून सांगा की घरात मराठीच बोला, सहा महिन्यांत सगळं सुरळीत होईल. सांगू का? गेटवरच्या वागण्याबद्दल रोशनीला समजावू का? आणि त्या मुलाचं काय करू?

– एक शिक्षिका, सातपूर

प्रिय ताई,

नका सांगू. दुसऱ्या कुणी सांगणार असेल तर त्यांनाही थांबवा. तुमच्या सहकाऱ्यांचा हेतू चांगला आहे, हे मला कळतं. हा सल्ला शाळाशाळांतून दिला जातो आणि देणाऱ्याला ती मदतच वाटते. पण रोशनीच्या बाबतीत तो नेमक्या दुखऱ्या जागी बसेल.

पत्रात तुम्ही 'तिच्या भाषेत' असं लिहिलंत. कोणत्या, ते लिहिलं नाहीत. आपण नाशिककर उत्तरेकडून आलेल्या प्रत्येकाची भाषा हिंदी धरून चालतो. कुटुंब दरभंग्याकडचं असेल तर घरात बहुधा मैथिली असणार. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत मराठीच्या शेजारी बसलेली ती भाषा आहे, ९२ व्या घटनादुरुस्तीने तिथे गेलेली. विद्यापतींची पदं त्या भाषेत सहाशे वर्षांपासून गायली जातात. एकदा सहज विचारून घ्या, घरी काय बोलता म्हणून. तीन वर्षांत हे त्या आईला शाळेतल्या कुणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही. हिंदी तीसुद्धा शाळेतच शिकली असेल, शाळेत गेली असेल तर. म्हणजे आपण तिला जी मराठी बोलायला सांगणार, ती तिची तिसरी भाषा. भाजीवाली आणि घरमालकीण यांच्यापुरती आलेली.

त्या मराठीत ती मुलीशी काय बोलेल? जेव, झोप, आवर, अभ्यास कर. एवढंच. पूर आला तेव्हा आजोबांनी म्हैस कुठे नेऊन बांधली, मामाच्या लग्नात कोण रुसलं, चंद्र रोज वेगळा का दिसतो, हे बोलणं बंद होईल. आणि आठ वर्षांच्या मुलीची समज याच बोलण्यावर वाढते. एखादी गोष्ट का घडली, आधी काय झालं, नंतर काय झालं, हे जिला आईच्या भाषेत नीट सांगता येतं, तिला ते पुढे परिसर अभ्यासाच्या उत्तरातही मांडता येतं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांबद्दल १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच मांडलं: एका भाषेत आलेली समज दुसऱ्या भाषेत जाते, वाया जात नाही. त्यांचं आणखी एक निरीक्षण तुमच्या उपयोगाचं आहे. नव्या भाषेत खेळण्याबोलण्याइतकं सराईत व्हायला मुलाला साधारण दोन वर्षं लागतात. पुस्तकाची भाषा, म्हणजे शाब्दिक उदाहरणं, 'कारणे लिहा', व्याख्या, यांत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं. रोशनी आज फाडफाड मराठी बोलते. चौथी-पाचवीत ती एखाद्या धड्यात अडखळली तर स्टाफरूममध्ये लगेच कुणीतरी म्हणेल, घरी मराठी नाही ना, म्हणून. तेव्हा हा हिशेब ध्यानात ठेवा. मराठी शिकवणं हे शाळेचं काम आहे आणि तुम्ही ते उत्तम केलं आहे, याचा पुरावा तिचं वाचन आहेच.

माझ्या विरोधाचं मोठं कारण मात्र अभ्यासाचं नाही. रोशनी आज आईच्या हाकेला ओ देत नाही. अशा वेळी शाळेने आईला बोलावून सांगायचं की तुमची भाषा घरातूनही काढा, याचा अर्थ ती मुलगी काय लावेल? बाईंनाही माझ्या आईचं बोलणं चालत नाही, म्हणजे मी करते ते बरोबरच होतं, असाच लावेल. तिच्या मनात जी भीती अजून अर्धवट आहे तिच्यावर आपण शाळेचा शिक्का मारून देऊ.

आपलीच माणसं परदेशी जातात तेव्हा आपण काय म्हणतो ते आठवा. न्यू जर्सीत राहणारी आई मुलांशी घरात मराठी बोलते, शनिवार-रविवारी त्यांना मराठी शाळेत नेते, तेव्हा आपल्याला तिचा अभिमान वाटतो. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आधाराने उत्तर अमेरिकेत अशा कितीतरी मराठी शाळा चालतात. तिथल्या शिक्षिकेने 'घरात इंग्रजीच बोला' असं म्हटलं तर आपल्याला राग येईल, आणि तो रास्त असेल. सातपूरच्या आईला तोच न्याय लावू या. कायद्याचा कलही त्याच बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २९ शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवा म्हणतं, आणि संविधानाचा अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय द्यायला सांगतो. तुम्ही मैथिलीतून शिकवावं असं मी म्हणत नाही. तुमच्या वर्गात ते होणार नाही, आणि महाराष्ट्रात शिकणाऱ्या मुलीला मराठी आलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नाही. पण शाळेने घरात शिरून आईची भाषा हुसकावणं हे या कशातच बसत नाही.

आता ती दिवाळीची सुट्टी. तुमच्या पत्रातली ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ही मंडळी सुट्टीत गावी गेली होती का, ते विचारा. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी, कार्तिक शुद्ध षष्ठीला, छठ असते. ज्यांना रजा आणि पवन एक्सप्रेसचं आरक्षण मिळतं ते नाशिकरोडहून गाव गाठतात. बाकीचे आपल्या रामकुंडावर गोदावरीत उभं राहून मावळत्या आणि दुसऱ्या दिवशी उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात. रोशनी गावी गेली असेल तर तिथे काय झालं असेल, याचा मला थोडा अंदाज आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांच्या बाबतीत हे फार वेळा होतं. चुलतभावंडं तिच्या बोलण्याला हसली असतील. 'ही बघा मराठीण आली' म्हणाली असतील. एखादी काकू आईला म्हणाली असेल, पोरीला धड आपलं बोलता येत नाही. म्हणजे दरभंग्यात ती नाशिकची ठरली, आणि शाळेत परत आली तर इथे बिहारची. निबंधाचं पान कोरं राहिलं, त्याचं कारण मला इथे दिसतं. माझा अंदाज चुकीचाही असेल, पण विचारण्यासारखा नक्की आहे. आईशीच बोला, मुलीसमोर नको.

त्या भेटीत आईला एक धीर द्या: मुलीने पाठ फिरवली म्हणजे माया आटली असं नाही. सात-आठ वर्षांच्या सुमारास मुलं स्वतःला दुसऱ्यांच्या नजरेने बघायला लागतात. आपल्या आईचा पदर, तिचं बोलणं, तिचा डबा, हे बाकीच्यांना कसं दिसतं याचा हिशेब त्यांच्या डोक्यात सुरू होतो. रोशनीला आईची लाज वाटते असं म्हणण्यापेक्षा, आईवर कुणी हसेल याची धास्ती वाटते, असं म्हणणं मला जास्त खरं वाटतं. घरच्यांनी 'मोठी मराठी झालीस' असे टोमणे मारू नयेत, आणि मैथिलीत बोलणं सोडू नये. मुलीने मराठीत उत्तर दिलं तरी चालेल. बोलणं सुरू राहिलं पाहिजे, कोणत्या भाषेत परत येतंय याकडे सध्या बघू नये. आणि ही भेट दुभाषी म्हणून रोशनीला मध्ये बसवून करू नका, अगदी सोयीचं असलं तरी. या मुलांना बँकेत, दवाखान्यात, रेशन दुकानात आईबापांसाठी बोलावं लागतंच. स्वतःबद्दलची चर्चाही तिनेच भाषांतर करून सांगायची, हा भार नको. मोडक्या हिंदीत तुमचं तुम्ही बोला.

गेटवरच्या वागण्याबद्दल मुलीला काहीही समजावू नका. 'आई आहे ती, असं वागू नये' हे तिला माहीत आहे. तुम्ही बोललात तर धास्तीत अपराधीपणाची भर पडेल. तुम्ही गेट बदला. शाळा सुटताना दोन मिनिटं स्वतः तिथे उभ्या राहा. त्या आईला नमस्कार करा, 'कैसी हैं?' म्हणा, घरच्यांची चौकशी करा. जवळपास अहिराणी बोलणारी एखादी आजी असेल तर तिच्याशीही तसंच बोला, आणि सुरगाण्याहून बांधकामावर आलेल्या बापाशीही. बाई कुणाशी आदराने बोलतात ते चाळीस मुलं न्याहाळत असतात, आणि कुणाला हसायचं, कुणाला नाही, ते त्यावरून ठरवतात. आठवडाभर करा आणि मग बघा.

इथे एक सावधगिरी. मनापासून काम करणाऱ्या शिक्षकांकडूनच हे होतं, म्हणून सांगते. रोशनीला एकटीला उभं करून 'सांग बरं, तुमच्याकडे छठ कशी करतात?' असं विचारू नका. 'तुमच्याकडे' म्हटलं की ती पुन्हा वर्गाच्या बाहेर. आठ वर्षांच्या मुलीला चारचौघींसारखं व्हायचं असतं, नमुना म्हणून उभं राहायचं नसतं. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन येईल. कविता म्हणायला तिला जरूर निवडा, कारण ती चांगलं वाचते. पण 'बघा, बिहारची असून किती छान मराठी' अशी ओळख करून देऊ नका. त्या कौतुकाने तिला दारातच थांबवलेलं असतं. त्या दिवशी ज्यांची जयंती असते त्या कुसुमाग्रजांचा जन्म पुण्याचा, जन्मनाव गजानन. दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले, पिंपळगाव बसवंतला वाढले, आणि नाशिक त्यांना आपलं म्हणतं. हे मुलांना गोष्टीसारखं सांगता येईल.

निबंधाबद्दल. 'माझे गाव' हा विषय वाईट नाही, पण एका मुलाला एकच गाव असतं असं तो धरून चालतो, आणि सातपूरच्या वर्गात हे फार थोड्यांना लागू पडेल. त्या वसाहतीत कारखाने आले १९६० च्या दशकापासून. महिंद्रा, तेव्हाची मायको म्हणजे आताची बॉश, आणि त्यांच्यामागे शेकडो लहान वर्कशॉप. ओझरला एचएएलचा विमान कारखाना १९६४ चा, तिथे देशभरातून माणसं आली. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं देवळालीला आली. सिडकोत आणि सातपुरात बागलाण, मालेगाव, कळवण, धुळे, जळगाव इकडची किती घरं आहेत ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. 'हिचं गाव बिहार' म्हणणाऱ्या त्या मुलाचे आजोबाही कदाचित कुठल्यातरी एसटीने पत्र्याची ट्रंक घेऊनच इथे उतरले असतील. त्याला ते कुणी सांगितलेलं नसेल.

तेव्हा निबंध बाजूला ठेवा आणि सगळ्या वर्गाला घरी एक चौकशी करायला सांगा: आमच्या घरातलं सगळ्यात आधी नाशिकला कोण आलं, कुठून, कशाने आणि कशासाठी? आजोबा, आई, कुणालाही विचारून यावं. ज्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या पंचवटीत आहे त्यांनी तेच सांगावं, तेही उत्तरच आहे. मग फळ्यावर नाशिक मध्ये काढून वर्गाने चारी दिशांना गावं मांडावीत. त्यात सुरगाणा असेल, चाळीसगाव असेल, बीड असेल, दरभंगाही असेल, आणि त्या गर्दीत दरभंग्याकडे कुणी वळून बघणार नाही. तिला सध्या हेच हवं आहे. काम, लग्न, दुष्काळ, बदली, शिक्षण, अशी कारणं निघतील. नकाशा, दिशा, वाहतूक यांचा पाठ त्यातच होऊन जाईल.

मात्र सांगण्याची सक्ती कुणावरही नको. आपल्याकडे गाव आणि आडनाव विचारलं की जात विचारल्यासारखंच होतं. काही मुलांना गावकुसाबाहेरची वस्ती सांगायची नसते, पारधी कुटुंबातल्या मुलाला तर पालाचा मुक्काम सांगणं नको असतं. काहींच्या घरात आई किंवा बाप सोडून गेलेला असतो. 'नाशिक' एवढं एकच उत्तर आलं तर ते तसंच फळ्यावर लिहा. रोशनीने तेच लिहिलं तरीही. तिचं ते उत्तर पहिल्या दिवशीही बरोबर होतं, आणि हे तुम्ही तिला वहीवर लिहून द्यावंत असं मला वाटतं. बरोबरची खूण आणि खाली सही. ज्या वाक्यावर वर्ग हसला त्यावर बाईंची सही असली पाहिजे.

आता तो मुलगा. त्याला वर्गासमोर फैलावर घेऊ नका, पण पुन्हा तसं बोलला तर त्याच क्षणी, छोट्या वाक्यात थांबवा: 'या वर्गात कुणाला असं म्हणायचं नाही. रोशनी आपल्या वर्गातली आहे.' एवढं बोलून पुढचा धडा सुरू. नंतर मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला विचारा, हे कुठे ऐकलंस. घरी ऐकलं असेल, मोबाइलवर ऐकलं असेल. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या सरकारी निर्णयावरून महाराष्ट्रात केवढा वाद झाला, एप्रिलमध्ये निघालेला निर्णय जूनअखेर मागे घ्यावा लागला. मोठ्यांच्या दृष्टीने तो शिक्षणधोरणाचा वाद होता. पोरांनी मात्र टीव्हीवरचा आरडाओरडा ऐकला आणि त्यातला शत्रू शेजारच्या बाकावर शोधला. मराठी शाळा टिकाव्यात म्हणून पोटतिडकीने बोलणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि म्हणूनच म्हणते, मराठी शाळेत मन लावून मराठी शिकणाऱ्या या मुलीला तिथे परकं वाटावं, यासारखं मराठीचं नुकसान नाही.

त्या मुलाच्या पालकांना बोलवायचं झालं तर तक्रार म्हणून नको, 'वर्गात असं घडलं, तुमच्या मदतीची गरज आहे' अशा सुरात बोला. आणि एक अवघड काम स्टाफरूममध्ये आहे. 'ती भय्यांची पोरं' हा शब्दप्रयोग तिथे सहज होत असेल तर तो वर्गापर्यंत झिरपतोच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलांच्या मानसिक छळाला बंदी केली आहे, पण सहकाऱ्यांना कलम दाखवून काही साधणार नाही. तुम्ही स्वतः प्रत्येक वेळी मुलाचं नाव घेऊन बोला, तेही नीट उच्चारून. सवय लागते.

रोशनीचा हात वर यायला वेळ लागेल. तोवर तिला उत्तरासाठी अचानक उठवू नका. जोडीने वाचायचं, गटाने चित्र काढायचं, असं काही द्या आणि जिच्याशी तिचं पटतं अशी मैत्रीण गटात ठेवा. एका मैत्रिणीने जे होतं ते आपल्या दहा उपायांनी होत नाही. पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवायला लागली, जेवण तुटलं, झोप उडाली, तर मात्र वाट बघू नका, मुलांच्या समुपदेशकाला दाखवा. पालकांना टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक देऊन ठेवा, तिथे फोनवर मोफत बोलता येतं.

शेवटी एक कागदोपत्री गोष्ट, कारण एप्रिल-मे यायला वेळ लागत नाही. ही मंडळी लग्नसराईला गावी गेली तर जूनच्या मध्यावर शाळा उघडेल तेव्हा परतलेली असतीलच असं नाही. पटावरून नाव काढण्याची घाई होऊ देऊ नका, वडिलांचा फोन नंबर स्वतःजवळ ठेवा आणि कधी येणार ते विचारा. आणि वडिलांचं काम सुटून कुटुंब कायमचं गेलंच, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. तिकडच्या शाळेलाही दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे वडिलांना सांगून ठेवा. दाखल्याबरोबर तुमच्या हाताने एक पानभर हिंदीत लिहून द्या: ही मुलगी काय काय वाचते, गणितात कुठवर आली आहे, तिला कशात गोडी आहे. मराठीतलं प्रगतिपुस्तक तिथल्या शिक्षकाला समजणार नाही, आणि तीन वर्षं तिला जवळून पाहिलेलं माणूस त्या शाळेत कुणी नसेल.